इकडे नाही ते तिकडेही नाही

३ फेब्रुवारी

धाकटीस,

तुझं पत्र मिळालं. पाच वर्षांनी चार ओळी, आणि त्यातल्या तीन हुकूम. ‘बाबांच्या मशीनला लावलेली बाहेरची डिस्क आजच काढून ठेव. तिच्यावर नवीन काहीही लिहिलं जाऊ देऊ नकोस. नीट गुंडाळून मला पाठव.’ चौथी ओळ, ‘तू बरी असशील.’ म्हणजे विचारलंससुद्धा नाहीस, परस्पर ठरवून टाकलंस.

मी बरी आहे. डिस्क मिळणार नाही.

कारण लिहून देते, म्हणजे पुन्हा विचारणं नको. बाबांचं स्वरयंत्र काढायचं ठरलं तेव्हा तूच सुचवलंस की आवाज आहे तोवर साठवून ठेवू. दीड महिना ते रोज सकाळी माइकसमोर बसले. मी यादी केली, त्यांनी एकेक वाक्य म्हटलं. ‘पाणी दे.’ ‘खिडकी लाव.’ ‘आज बरं वाटतंय.’ पुढे बोलता येणार नाही तेव्हा बटण दाबायचं आणि त्यांच्याच आवाजात वाक्य यायचं, अशी ती योजना. अकराशे चाळीस वाक्यं झाली. एक प्रत मशीनवर, दुसरी या डिस्कवर. ऑपरेशनानंतर नवव्या दिवशी दोन्हीकडे एकही वाक्य उरलं नव्हतं. पुसलं ते तू लिहून ठेवलेल्या, रोज आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टनं. जी वस्तू तू एकदा रिकामी केलीस ती पुन्हा तुझ्याच हातात द्यायला मी काही खुळी नाही.

आणि बाबा होते तोवर तू डिस्क मागितली नाहीस. त्यांना जाऊन आठ महिने झाले. आता ती कशाला हवी?

मशीन चालू आहे. नेहमीच्या विंडोजऐवजी ते लिनक्स तू घालून दिलंस आणि निघून गेलीस, त्यामुळे मलाच शिकावं लागलं. गेल्या आठवड्यात अपडेट केलं आणि आवाज बंद झाला. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो खुर्चीत बसला, पडद्याकडे पाहिलं आणि शेजारी साप दिसावा तसा मागे सरकला.

“काकू, हे काय टाकून ठेवलंय? घरात कोणी हॅकर आहे का?”

“होती.”

“हे सगळं पुसू आपण. नेहमीचं टाकून देतो. दोन तासांत चकाचक.”

“तुम्ही पुसणाऱ्यांतले आहात होय? या मग आता.”

“अहो, चहा तरी...”

“चहा आवाज आल्यावर.”

तो गेल्यावर मी स्वतः शोधलं. अपडेटनंतर मशीन सगळा आवाज पडद्याच्या वायरीतून पाठवत होतं, आणि आपल्या पडद्याला स्पीकरच नाही. आवाज होता, पण जिथे पोचत होता तिथे ऐकवायला काही नव्हतं. सेटिंगमध्ये बाहेर जायचा रस्ता बदलला आणि झालं. अडीच तास लागले. तुला विचारलं असतं तर दोन मिनिटं लागली असती, हे मला माहीत आहे. मी विचारलं नाही.

फोन करू नकोस. फोनवर तू रडतेस आणि मुद्दा राहून जातो.

ताई


१४ फेब्रुवारी

धाकटीस,

‘डिस्क काढलीस का?’ एवढ्या तीन शब्दांसाठी पोस्टाचं पाकीट वापरलंस. नाही काढली. उलट, ती कामाला लावली आहे.

प्रयोगशाळेतल्या माझ्या वह्या तुला आठवत असतील. कॉलेजात मुलांकडून प्रयोग करून घेण्यात मी तीस वर्षं काढली, आणि प्रत्येक वर्षाची माझी स्वतःची निरीक्षण-वही आहे. पुढे सवयच लागली. घरातलंही तसंच लिहिते. किती वाजता काय केलं, काय दिसलं. या सगळ्या वह्या कपाटात वाळवीची वाट पाहत पडल्या आहेत. आता त्या स्कॅन करते आहे, रोज दीडशे पानं. स्कॅन मशीनवर होतो आणि रोज सकाळी अकराला तुझी स्क्रिप्ट तो त्या डिस्कवर नेऊन ठेवते. डिस्क रिकामी पडली होती. एवढी जागा तुझ्या हुकमासाठी राखून ठेवायची म्हणजे कमाल झाली.

स्कॅनरनं मात्र चार दिवस छळलं. वायर लावली, दिवा लागला, मशीनला यंत्र दिसेना. दिसायचं, पण फक्त मालकाच्या, म्हणजे रूटच्या, अधिकारात. मी माझ्या नावानं आले की ‘परवानगी नाही’. स्वतःच्या घरात, स्वतः आणलेला स्कॅनर! शेवटी कळलं की स्कॅनर वापरणाऱ्यांचा एक गट असतो आणि त्यात माझं नाव नव्हतं. एका ओळीची कमांड देऊन नाव घातलं. बाहेर पडून पुन्हा आत आल्याशिवाय ते लागू होत नाही, हे कुठेच धड लिहिलेलं नसतं. तो दिवस त्यातच गेला.

मावशी येऊन गेली. म्हणाली, “अगं, पाठवून दे ना ती डबी तिला. काय जातंय तुझं?”

मी म्हटलं, “माझं जायचं ते गेलंय.”

“तुझं काय गेलं? आवाज त्याचा गेला.”

मावशीच्या तोंडाला लागण्यात अर्थ नाही, म्हणून मी स्कॅनरवर पुढचं पान ठेवायला उठले.

तिचं म्हणणं खरं आहे, आवाज त्यांचा होता. चाळीस वर्षं पोहायच्या तलावाच्या काठावर उभं राहून पोरांना हात मारायला शिकवलेला आवाज. पाण्याखाली गेलेल्या पोरालासुद्धा ऐकू जायचा. आणि नंतरची चार वर्षं तुझ्या त्या ‘बोलका’ प्रोग्रॅममधून पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा तो परका आवाज. बाबा टाइप करायचे आणि डबा बोलायचा. पाहुणे हसू दाबायचे. मी ते रोज ऐकलं. तू नाही ऐकलंस.

ताई


१ मार्च

धाकटीस,

परवा सकाळी मशीन लावलं तर तारीख एकवीस वर्षांपूर्वीची. एकही पान उघडेना. प्रत्येक ठिकाणी ‘तुमची जोडणी सुरक्षित नाही’. आधी वाटलं इंटरनेटच गेलं. मग कोपऱ्यातल्या घड्याळाकडे लक्ष गेलं. मशीनच्या पोटात नाण्याएवढी बॅटरी असते, तीच वेळ लक्षात ठेवते. ती संपली होती. झाकण उघडलं, आत बोटभर धूळ होती ती ब्रशनं काढली, नवीन बॅटरी घातली, तारीख लावली. तुझ्या स्क्रिप्टला मात्र दोन दिवस अकरा वाजल्याचं कळलं नव्हतं. आता कळतंय. डिस्क रोज अकराला घुमते, एखाद्या म्हाताऱ्यानं घसा खाकरावा तशी, आणि माझी पानं आत घेते. पंधरा वह्या झाल्या.

तुझ्या या वेळच्या पत्रात हुकूम नाही, विनंती आहे. ‘ताई, हात जोडते. वाद नको. त्या दिवसाबद्दल मी काहीही विचारत नाही.’

का विचारत नाहीस? विचार की. माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही. त्या दिवशी काय झालं ते मला पाठ आहे. बाबांना दवाखान्यातून आणून चारच दिवस झाले होते. गळ्याला भोक, त्यावर जाळी. त्यांनी ‘पाणी’चं बटण दाबलं आणि काही आलं नाही. पुन्हा दाबलं. मग सगळी बटणं एकेक करून दाबत गेले. मी तुला फोन केला. दुसऱ्या दिवशी दुपारी तू आलीस आणि बॅग खांद्यावर तशीच ठेवून मशीनपुढे बसलीस. दहा मिनिटांनी मान वर केलीस.

“ताई, मशीनवरची प्रत आधी गेली आहे. तू इथून काही काढलंस का?”

“मी हातही लावला नाही.”

“नक्की?”

“मला खोटं बोलायची सवय नाही.”

मग तू पुन्हा पडद्याकडे पाहत राहिलीस आणि म्हणालीस, “मग माझंच काहीतरी चुकलं.” हे तुझे शब्द. बाबा पलंगावर बसले होते, मावशी दारात उभी होती. सगळ्यांनी ऐकलं. डिस्क घेऊन जाते म्हणालीस, तेव्हा मी विचारलं की आणखी काय पुसायचं राहिलंय. आणि हेही म्हटलं, की लोकांच्या कचेऱ्यांची मशीनं सांभाळायला निघालीस, बापाचा आवाज सांभाळता आला नाही. ते मी म्हणायला नको होतं असं मावशीचं मत आहे. माझं तसं मत नाही.

तू उठलीस आणि गेलीस. चहासुद्धा घेतला नाहीस.

ताई


१३ मार्च

धाकटीस,

सव्वीस वह्या झाल्या. काल सकाळी पडद्यावर निरोप आला: ‘जागा संपत आली आहे.’

हा निरोप मी पूर्वी एकदा पाहिलेला आहे.

काय करायचं हे उघड होतं. स्कॅन केलेली पानं मशीनवर आहेत आणि तीच डिस्कवरही आहेत. एकाच्या दोन वस्तू घरात असल्या की माझं डोकं फिरतं, हे तुला ठाऊक आहे. दोन चाळण्या, दोन कात्र्या, मला खपत नाही. तिकडे प्रत आहे ना? मग इथली काढायची. सव्वीसच्या सव्वीस वह्या मी निवडल्या आणि बोट डिलीटच्या बटणावर ठेवलं.

बोट दाबलं गेलं नाही. कारण आत्ता लिहीत नाही.

आधी तुझी स्क्रिप्ट उघडली. पाच वर्षांत मी ती एकदाही उघडून पाहिली नव्हती. तुला दोष द्यायला ती वाचायची गरजच पडली नाही. एवढीशी तर आहे, नऊ ओळींची. वर तू मराठीत टीप लिहून ठेवली आहेस: ‘हा आरसा आहे. इकडे जे आहे ते तिकडे. इकडे नाही ते तिकडेही नाही.’ आणि खाली कमांडमध्ये तो शब्द, डिलीट. मी त्या कमांडची माहिती टर्मिनलवर काढून वाचली, दोनदा. मूळ जागी जे उरलेलं नाही ते प्रतीतूनही काढून टाकायचं. दोन्हीकडे सारखं राहावं म्हणून.

काल मी ते बटण दाबलं असतं, तर आज अकराला माझ्या सव्वीस वह्या डिस्कवरूनही गेल्या असत्या. मशीनकडून काही चूक झाली नसती. त्याला जे सांगितलंय तेच त्यानं केलं असतं.

जागा मी वेगळ्या रीतीनं केली. जुन्या नोंदींचे गठ्ठे आणि जुन्या कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, पाच ओझी काढली. ती कशी काढायची ते शिकले. वह्यांना हात लावला नाही.

पुढचं उद्या लिहिते.

ताई


१५ मार्च

धाकटे,

कालचा दिवस लिहिण्यात गेला आणि फाडण्यात गेला. हे चौथं पत्र आहे. हे फाडणार नाही.

मुलांना मी तीस वर्षं एकच सांगत आले. आकडा चुकला तर रबर लावायचं नाही, खाडाखोड करायची नाही. एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी बरोबर आकडा लिहायचा. ज्यानं रबर वापरलं त्याची वही मी परत करायची.

स्क्रिप्टनं केलेल्या कामाची नोंद तू ठेवली होतीस. मी ती काढली. त्या तारखेला, सकाळी अकरा वाजून काही सेकंदांनी, ‘काढले’, ‘काढले’, ‘काढले’, अशा अकराशे चाळीस ओळी. माझ्या यादीतलं एकेक वाक्य त्याच क्रमानं. चार सेकंद लागले सगळ्याला.

मग कपाटातल्या चादरींखालून त्या वर्षाची माझी घरातली वही काढली. ती मी स्कॅनला घेतली नव्हती. पाच वर्षं चादरींखाली होती आणि ती तिथे का आहे हे मला माहीत होतं. त्या तारखेचं पान: ‘१०.२० मशीनवर जागा कमी. निरोप आला. १०.३५ दुहेरी फायली काढल्या. डिस्कवर प्रत आहे, पाहिली. कचरापेटी रिकामी केली. १०.४० बाबांचं औषध.’

माझंच अक्षर, शाईनं लिहिलेलं.

फायली मशीनवरून मी काढल्या. डिस्कवर सुरक्षित आहेत हे पाहून काढल्या. वीस-पंचवीस मिनिटांनी तुझा आरसा फिरला आणि त्यानं तिकडच्याही काढल्या. तू विचारलंस तेव्हा मला आठवत होतं. चांगलं आठवत होतं. पण मी स्वतःशी म्हटलं, मी एकीकडचं काढलं, दुसरीकडचं तिनं काढलं. आवाज गेला तो दुसरीकडचा गेल्यामुळे. हे गणित मी पाच वर्षं बरोबर धरून चालले. कोणी मूळ आकडा विचारला नाही, मी दिला नाही.

तुझीही चूक आहे, ती सोडणार नाही. मूळ जागा अचानक रिकामी दिसली तर थांब आणि विचार, एवढी एक ओळ तू घालायला हवी होतीस. आणि ही वस्तू कशी वागते ते मला सांगायला हवं होतं. मी विचारलं नसतं, तू सांगायला हवं होतंस. पण ती चूक होती, आणि माझं ते खोटं होतं. दोन्ही एका रांगेत बसत नाहीत.

हे वाचून तू काय म्हणशील याचा मी विचार केलेला नाही.

ताई


३१ मार्च

धाकटे,

तुझं उत्तर आलं. पाच वर्षांचं खोटं मी कागदावर काढून दिलं आणि त्यावर तुझी एक ओळ: ‘डिस्क काढ, ताई.’ ‘कळलं’ नाही, ‘वाईट वाटलं’ नाही, ‘तोंड दाखवू नकोस’सुद्धा नाही. मी तुला बातमी दिली आणि तू हवामान ऐकल्यासारखं केलंस. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

‘बोलका’मध्ये बाबांनी टाइप केलेलं प्रत्येक वाक्य साठवलेलं असतं, नाही का? पुन्हा तेच टाइप करावं लागू नये म्हणून तू केलेली सोय. मला ती फाइल हवी होती. त्या दिवसानंतर त्यांनी काय काय म्हटलं ते एकदा सलग वाचावं असं वाटलं. फाइल उघडेना. ‘परवानगी नाही’. बाबांनी स्वतःशिवाय सगळ्यांना बंद करून ठेवली होती. ऐंशीच्या घरातल्या माणसाला, ज्याला माउस दोनदा टिचकवता येत नव्हता, त्याला हे कुलूप लावायला कोणी शिकवलं ते विचारायची गरज नाही. मालकाच्या अधिकारानं मी ते काढलं. या घरातल्या सगळ्या किल्ल्या माझ्याचकडे असतात.

आधी सगळं रोजचं. ‘चहा गार झाला.’ ‘दार वाजतंय.’ ‘ताई, जाळी बदल.’ मग एक बुधवार. बुधवारी सकाळी मी ग्रंथालयात जाते, तासभर. दहा वाजून बारा मिनिटं.

‘धाकटे, ऐकू येतं का? हा डब्याचा आवाज माझाच समज.’

‘रडू नकोस. तुझ्या आरशानं नाही. ताईनं काढलं. मी मागे पलंगावर होतो, बघत होतो. काय करते आहे ते मला तेव्हा कळलं नाही.’

‘नाही. तिला विचारायचं नाही.’

‘मला माहीत आहे हे तिला कळलं तर ती माझ्यासमोर उभी राहू शकणार नाही. आणि मला तर इथेच राहायचंय. दिवसातून सहा वेळा ही जाळी कोण बदलेल?’

‘तू लांब आहेस. तू घे अंगावर. तुला झेपेल.’

‘डिस्कसुद्धा मी असेपर्यंत मागू नकोस. ती मागितलीस की सगळं निघेल.’

त्यानंतर प्रत्येक बुधवारी फोनवर तुमचं बोलणं. मी मोजले, एकशे ब्याण्णव बुधवार. तू काय म्हणत होतीस ते त्यात नाही, फक्त त्यांचं आहे. एका बुधवारी त्यांनी तुला पोहण्यातला श्वास शिकवला आहे. एकदा नुसतं ‘हाहाहा’ टाइप केलंय. माझ्याशी बोलताना चार वर्षांत त्यांनी एकदाही ‘हाहाहा’ टाइप केलं नाही.

म्हणजे तुम्हा दोघांना माहीत होतं. मी त्यांच्यासमोर मावशीला, डॉक्टरांना, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते की धाकटीनं पुसलं, आणि ते माझ्या तोंडाकडे बघत होते. तू तिकडे गप्प. पाच वर्षं तुम्ही मला खोटं बोलू दिलंत. हा उपकार झाला असं तुम्हाला वाटत असेल तर मला तो नको. मला कोणी तरी एकदा विचारायला हवं होतं, दुसऱ्यांदा.

आणखी एक, म्हणजे माझ्याकडे काही उरायला नको. शेवटच्या आठवड्यात त्यांना टाइप करता येत नव्हतं. बोटानं चादरीवर त्यांनी तुझ्या नावाचं पहिलं अक्षर काढलं. मी म्हटलं, “तिला रजा मिळत नाही.” मी तुला कळवलंच नव्हतं. ते हसले. मला वाटलं, पटलं. त्याआधीच्या बुधवारी तू त्यांना काय सांगितलं होतंस, ‘बोलाव, लगेच येते’, असंच ना?

ताई


३ एप्रिल

धाकटे,

हे हातानं लिहिते आहे, कारण मशीन बंद आहे.

काल रागात बसून मी तुझी ती एकच ओळ पुन्हा वाचली, आणि मग डिस्क काढायला तू का सांगतेस ते शोधलं. तू सांगितलं म्हणून नाही, तू चुकीची आहेस हे सापडावं म्हणून. सापडलं ते वेगळंच. फाइल काढली की ती जात नाही. मशीन फक्त तिचं नाव यादीतून काढतं आणि तिची जागा मोकळी आहे असं समजतं. मजकूर तिथेच पडून असतो, त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. जाणकार माणूस असला तर तो परत काढू शकतो.

‘तिच्यावर नवीन काहीही लिहिलं जाऊ देऊ नकोस.’ तुझ्या पहिल्या पत्रातली दुसरी ओळ. मी ती हुकूम म्हणून वाचली.

बाबा असताना त्या डिस्कवर जायचं काय? त्यांची टाइप केलेली वाक्यं, मूठभर. माझं जे थोडंफार होतं ते आधीपासूनच तिच्यावर होतं. पाच वर्षं तो आवाज त्या डिस्कवर जवळजवळ जसाच्या तसा पडून राहिला असणार. तुझं पत्र आलं तोपर्यंत. त्यानंतर एकोणसाठ दिवस गेले. मध्ये दोन दिवस घड्याळ बंद होतं ते सोडले तर सत्तावन्न वेळा अकरा वाजले. एकोणतीस वह्या, चार हजार दोनशे बारा पानं. शिवाय तुला लिहिलेली ही सगळी पत्रं, कारण ती मी आधी मशीनवर लिहायची आणि मग छापायची. ‘डिस्क मिळणार नाही’ हेसुद्धा दुसऱ्या दिवशी अकराला तिच्यावर जाऊन बसलं. कशावर बसलं ते मला माहीत नाही. ‘पाणी दे’वर असेल, ‘आज बरं वाटतंय’वर असेल.

किती जागा भरली ते मी पाहिलं. दहा भागांतले सात.

परत काढायचे प्रोग्रॅम असतात, त्यांची माहितीही मी वाचली. अवघड नाही. मला जमलं असतं, पाच वर्षांत याहून अवघड गोष्टी जमल्या आहेत. आज सकाळी दहाला मी टर्मिनल उघडून बसले होते. कमांड लिहून झाली होती, फक्त एंटर दाबायचं होतं. मग ती एकेक अक्षर मागे घेत पुसली. रबर वापरलंच म्हण. मशीन रीतसर बंद केलं. अकराच्या आत डिस्कची वायर काढली. आज अकराला टेबलावर काही घुमलं नाही.

डिस्क माझ्या जुन्या लोकरी ब्लाउजमध्ये गुंडाळली आहे, खोक्यात वर्तमानपत्र ठासलं आहे. सोबत माझी त्या तारखेची वही आहे, ती परत पाठवायची गरज नाही. आणि वाक्यांची मूळ यादी आहे. परत निघालेल्या फायलींना नावं नसतात असं वाचलं. नुसते आकडे येतात. जे निघेल ते ऐकून या यादीशी लावून घे.

यादी नीट बघ. एक ते अकराशे छत्तीस माझ्या अक्षरात आहेत. दोनशे बारा वाक्यांत ‘ताई’ आहे. ‘धाकटे’ असलेलं मी एकही घातलं नव्हतं. शेवटची चार बाबांनी पेन्सिलनं खाली लिहिली आहेत, चारही ‘धाकटे’नं सुरू होतात. मी तेव्हा म्हटलं होतं, “ही कशाला वाढवता? ती इथे असते कुठे?”

ते म्हणाले, “येईल की.”

ते त्यांच्या स्वतःच्या आवाजात म्हणाले होते. त्या वेळी माइक बंद होता.

दहातले तीन भाग उरलेत. त्यांत ती चार आहेत की नाहीत हे मला कळवू नकोस. ~~निघाली तर मला ऐकव.~~ वरच्या ओळीवर रेघ मारली आहे, खालचं वाचता येतंय. शेजारी बरोबर काय लिहायचं ते मला सुचत नाही.

काढून गुंडाळण्यापलीकडे डिस्कला मी हात लावलेला नाही. या वेळी खरंच.

ताई